माझ्याच हातात बंद पडणारी गाडी

आमची गाडी फक्त माझ्याच हातात बंद पडते, हे आमच्या घरात एकमताने ठरलं तेव्हा मी स्वयंपाकघरात बट्ट्या तळत होते. माझं मत कोणी विचारलं नाही. एकमत दोघांचं होतं, आमच्या सरांचं आणि त्यांच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे आक्कांचं.

आमचे सर म्हणजे माझे यजमान. तळोद्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. (लग्नानंतर दोन वर्षं "अहो" म्हणून पाहिलं. "अहो"ला ते ओ देत नाहीत. "सर" म्हटलं की लगेच वळतात.) मी अक्कलकुव्याला मुलींच्या सरकारी वसतिगृहात गृहपाल आहे. गृहपाल म्हणजे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. धान्याच्या कोठारापासून पाण्याच्या टाकीवरच्या झाकणापर्यंत एकोणीस किल्ल्या माझ्याकडे असतात. मी व्हरांड्यात आले की त्या खुळखुळतात आणि शेवटच्या खोलीतल्या मुलीसुद्धा पुस्तक उघडून बसतात. त्या मी कोणाच्या हातात देत नाही. सरकारी माल आहे.

रोज एसटीने जाऊन कंटाळले आणि पन्नाशीत गाडी शिकले. एका डॉक्टरांची जुनी गाडी आम्ही घेतली. घेतली तेव्हा ती लाल होती. आता तिला कोणता रंग म्हणायचा यावर घरात दोन मतं आहेत. सोळा वर्षांची असली तरी दोन वर्षं तिने काही त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो गेल्या हिवाळ्यात.

तळोदा ते अक्कलकुवा या रस्त्यावरचे खड्डे मी नावानिशी ओळखते. त्यातल्या एका जुन्या ओळखीच्या खड्ड्यात गाडी उतरली आणि वर चढताना मेली. इंजिन बंद, समोरचे दिवे बंद, रेडिओवर एक बाई कारल्याची भाजी सांगत होती, ती मीठ घालायच्या आधीच गप्प. हॉर्न दाबला, तर तोही मुका. मागे एसटी उभी, आणि एसटीच्या खिडक्यांमधून चाळीस लोक माझ्याकडे बघताहेत. मी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. कारल्यात तोवर मीठ पडून गेलं होतं.

संध्याकाळी मी सरांना सांगितलं.

"क्लच पटकन सोडला असशील," सर म्हणाले.

"क्लच सोडल्यावर रेडिओ बंद पडतो का?"

सरांनी थोडा विचार केला. "म्हणजे तुझं लक्ष रेडिओकडे होतं."

त्या आठवड्यात ती आणखी पाच वेळा बंद पडली. दर वेळी तेच. एक क्षण सगळा करंट गायब, किल्ली फिरवली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. मग सरांनी एक दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे मथळे घातले. साहित्य या मथळ्याखाली लिहिलं होतं: एक जुनी गाडी, एक चालक (स्त्री).

"हे कंसातलं कशाला?" मी विचारलं.

"निरीक्षणात काही लपवायचं नसतं," सर म्हणाले.

गाडी गॅरेजला न्यायचं काम सरांचं, कारण दिवसा मी वसतिगृहात. मी माझ्या किल्ल्या घेऊन एसटीने जायची आणि सर त्यांच्या खिशातली दुसरी किल्ली लावून गाडी अन्वरभाईकडे न्यायचे. अन्वरभाई गेली पंचवीस वर्षं तळोद्यात गाड्या दुरुस्त करतो. त्याने बॅटरीची टोकं घासली, बोल्ट आवळले आणि गाडी स्वतः चालवून पाहिली.

"मॅडम, मी प्रकाशालगून फिराई आनी," तो मला फोनवर म्हणाला. प्रकाशा म्हणजे तापीकाठचं गाव. "एक डाव भी बंद नही पडनी."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या हातात तीनदा बंद पडली. पुढच्या वेळी त्याने बॅटरी बदलली. मग अर्थिंगची वायर बदलली. मग फ्यूजची पेटी उघडून आतून साफ केली. दर वेळी सर गाडी नेत, अन्वरभाई चालवून बघत, सर परत आणत, आणि गाडी इतकी शहाण्यासारखी चाले की मलाच शंका येई. दुसऱ्या दिवशी मी बसले की पुन्हा तेच.

शेवटी एका रविवारी मीही गॅरेजला गेले, तेव्हा अन्वरभाई सरांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. माझ्या कानावर पडू नये म्हणून हळू, पण त्याला गॅरेजमध्ये हातोड्याच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे रस्त्यापलीकडे ऐकू गेलं.

"सर, गाडीमा काहीच नही शे. मॅडमले थोडं शिकाडी द्या."

मी तिथल्या तिथे त्याला विचारलं, "अन्वरभाई, तुमचं शिक्षण कुठवर झालंय?" हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

खरी शोभा झाली ती साखरपुड्याच्या दिवशी. आक्कांच्या मुलाचा साखरपुडा, मुलगी रनाळ्याची. घरची मंडळी जीपने पुढे गेली. जीपमध्ये आक्कांना उलटी होते, म्हणून त्या आमच्या गाडीत. मागच्या सीटवर त्या, त्यांच्या मांडीवर नवरीची साडी, साडीच्या घडीत अंगठी, आणि पायाशी साखरेचा पुडा. म्हणजे साखरपुड्याला जे जे लागतं ते सगळं आमच्याच गाडीत होतं. गाडी मी चालवत होते. सर म्हणालेही, "मी चालवतो." मी म्हटलं, "का? मला येत नाही का?" झालं.

तापीच्या पुलापर्यंत सगळं ठीक होतं. पुलावर थोड्या थोड्या अंतराने सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यावर गाडी उसळते. पहिल्या सांध्यावर ती उसळली आणि बंद पडली. सुरू केली. तिसऱ्या सांध्यावर बंद. सुरू केली. पुलाच्या मधोमध पुन्हा बंद. मागे उसाने भरलेले ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन दोन ट्रॉल्या. त्यांची रांग पुलाबाहेर गेली असावी, कारण हॉर्नचा आवाज दोन वेगवेगळ्या गावांतून येत होता.

"मन्हा पोरना साखरपुडा शे आज," आक्का मागून म्हणाल्या. "तठे नवरीना बाप वाट दखी ऱ्हायना. आनी आपण अठे नदी दखी ऱ्हायनूत."

एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला. वाकून त्याने आधी मला पाहिलं, मग शेजारी बसलेल्या सरांना पाहिलं, आणि त्याला सगळा उलगडा झाला.

"ताई, तुम्ही बाजूले बसा. दादाले चालाडू द्या."

मी रागाने किल्ली उपटली, पर्समध्ये टाकली आणि मागे आक्कांशेजारी जाऊन बसले. सरांनी शर्टाच्या खिशातून त्यांची किल्ली काढली. लाल दोऱ्यात ओवलेली, एकटीच. गाडी सुरू झाली. उरलेले सगळे सांधे पार केले, नंदुरबार ओलांडलं, थेट रनाळ्याच्या मांडवासमोर जाऊन उभी राहिली. एकदाही न अडखळता. मी वाटभर देवाला विनवत होते की एकदा तरी बंद पडू दे. नवऱ्याची गाडी बंद पडावी म्हणून प्रार्थना करणारी त्या मांडवात मी एकटीच असेन.

"दखं ना?" आक्का म्हणाल्या. "हात हातना फरक शे."

आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. नवरीचा बाप घाम पुसत रस्त्यावर उभा होता. उशीर का झाला हे आक्कांनी सगळ्यांना सांगितलं. आधी व्याह्यांना, मग विहिणीला, मग आचाऱ्याला. जेवणाच्या पंगतीत नवरीची मावशी माझ्या शेजारी बसली आणि फार मायेने म्हणाली, "तुम्ही गाडी कठे शिकन्यात?"

दुसऱ्या दिवशी आक्का आमच्याकडे जेवायला होत्या. ओसरीवर बहीण-भावाचं ते एकमत झालं, आणि मी हातातला झारा घेऊनच बाहेर आले.

"दोष गाडीत आहे," मी म्हटलं. "माझ्या हातात नाही."

"सिद्ध करायला प्रयोग लागेल," सर म्हणाले.

प्रयोग झाला. एकच रस्ता, एकच दिवस, दोन चालक. सर शेजारी वही घेऊन बसले आणि मी माझी किल्ली लावून अक्कलकुव्याला जाऊन आले. गाडी चार वेळा बंद पडली. मग सर त्यांची किल्ली लावून त्याच रस्त्याने जाऊन आले. शून्य. वहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: अनुमान, चालक बदलल्यास दोष नाहीसा होतो.

मी ते वाचलं आणि जाहीर केलं, "दोष सापडेपर्यंत स्वयंपाक तुम्ही करायचा."

सरांना खिचडी येते. फक्त खिचडीच येते. तिसऱ्या दिवशी खिचडीचा चौथा घास घेताना त्यांचा हात थांबला. त्यांना काहीतरी सुचलं होतं. (भूक लागल्यावर माणसाला काय काय सुचतं.)

"वायरिंग," ते म्हणाले. "आतून कुठेतरी तुटलेलं असणार. मी स्वतः बघतो."

पुढचे चार दिवस गाडी अंगणात उघडी पडली होती. समोरचा सगळा डॅश बाहेर काढलेला, आणि त्यातून वायरी लोंबत होत्या. कुठली वायर कुठे जाते हे विसरू नये म्हणून सरांनी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव दिलं. नावं जुन्या विद्यार्थ्यांची, कारण ती त्यांच्या लक्षात राहतात. मी आतून ऐकत असे.

"हा किशोर कुठे जातो? किशोर नेहमी भलतीकडेच जातो." मग, "वसंता, तू किशोरजवळ बसू नकोस. धूर निघतो."

चिडले की सर अहिराणीवर येतात. तिसऱ्या दिवशी दुपारपासून अंगणात शुद्ध मराठीचा एक शब्दही ऐकू आला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळं पुन्हा जागेवर बसवलं तेव्हा एक हिरवी वायर आणि दोन स्क्रू उरले.

"ही कोण?" मी विचारलं.

"संगीता," सर म्हणाले. "ती गैरहजर असली तरी चालेल."

गाडी सुरू झाली. हॉर्न दाबला की वायपर एकदा फिरत होता, पण हॉर्नही वाजत होता, म्हणून तक्रारीला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. माझ्याबरोबर जमनाबाई होती. जमनाबाई आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तिचं गाव वर डोंगरात आहे, पण आदल्या दिवशी ती तळोद्याला लेकीकडे आली होती. ती पुढच्या सीटवर बसली आणि मेथीची टोपली मांडीवर घेतली. गावाबाहेर पडून एक फर्लांगही झाला नसेल, पहिला खड्डा आला आणि गाडी बंद पडली. चार दिवसांचं वायरिंग, किशोर, वसंता, सगळं पाण्यात. मला रडूच यायचं बाकी होतं.

मी गाडी पुन्हा सुरू केली. जमनाबाईने कपाळाला हात लावला.

"मॅडम, तुझं हे किती वाजते," ती म्हणाली. (जमनाबाई सगळ्यांनाच तू म्हणते. तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिने "तू जेवला का?" असंच विचारलं होतं, आणि ते मुकाट्याने जेवायला बसले होते.) "माझं डोकं दुखते."

असं म्हणून तिने हात पुढे केला आणि गाडीच्या किल्लीला लटकणारा माझा सगळा जुडगा मुठीत धरला. एकोणीस किल्ल्यांचा आवाज बंद झाला. मी गाडी चालवत राहिले. एक खड्डा गेला. दुसरा गेला. ज्या खड्ड्यात गाडी हमखास मरायची तोही गेला. चार-पाच किलोमीटर आम्ही गुपचूप निघून गेलो. मग टोपली कलंडली, मेथी सावरायला जमनाबाईने मूठ सोडली, आणि पुढच्याच खड्ड्यात गाडी बंद.

जमनाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग जुडग्याकडे. पुन्हा मुठीत धरला.

"चालव आता."

गाडी चालली. एका खड्ड्याआधी तिने मुद्दाम मूठ सोडली. बंद पडली. धरली, चालली. तिला त्यात मजा यायला लागली होती.

"धरलं की चालते, सोडलं की मरते," ती म्हणाली. "मोकाट गाय पळू नये म्हणून तिच्या गळ्यात लाकूड बांधते ना, तसं तू गाडीच्या गळ्यात बांधलं आहे."

मी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली गाडी उभी केली. गाडीची किल्ली जुडग्यातून सोडवली, जुडगा पर्समध्ये ठेवला आणि नुसत्या किल्लीवर अक्कलकुव्यापर्यंत गेले. वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही. उलट काही मुद्दाम शोधून काढले. गाडी एकदाही बंद पडली नाही.

सोळा वर्षं फिरून फिरून किल्ली घालायची जागा आतून झिजली होती. वर माझ्या एकोणीस किल्ल्यांचं ओझं लोंबत होतं. खड्डा आला की ओझं झोका घ्यायचं, किल्ली जरा मागे फिरायची आणि करंट तुटायचा. सरांची किल्ली एकटी, म्हणून ती हलत नव्हती. अन्वरभाईने गाडी चालवून पाहिली ती सरांच्याच किल्लीने. बॅटरी ठणठणीत होती, वायरिंग ठणठणीत होतं. माझं क्लच सोडणंही ठणठणीत होतं. पण दोष शेवटी माझ्याच हातात निघाला, अगदी शब्दशः.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी दोन महिन्यांत मी कोणाकोणाला काय काय बोलले ते एकेक आठवू लागलं. अन्वरभाईचं शिक्षण. बट्ट्यांच्या दिवसापासून आक्कांशी धरलेला अबोला. सरांची खिचडी.

"आता सरला सांग," जमनाबाई म्हणाली.

"सांगते."

"तो हसेल?"

"सर आज हसतील. आक्का पुढच्या दिवाळीपर्यंत हसतील."

जमनाबाईने मेथीची एक जुडी झटकली. "मग नको सांगू."

तरीही सांगायचं असं ठरवूनच मी घरी आले. खोटं बोलत नाही. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. सर फाटकात उभे होते, हातात वही. त्यांच्या कपाळावर चार दिवसांच्या ग्रीसचा डाग अजून तसाच होता.

"आज?" त्यांनी विचारलं.

"येताना एकदाही नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. पुढचं वाक्य मी बोलणार, एवढ्यात सरांनी चष्मा काढून पुसायला सुरुवात केली.

"म्हणजे दोष गाडीतच होता," ते म्हणाले. "वायरिंगमा शे, असं मले वाटेलच व्हतं. तुझ्या हातात काही नव्हतं. तू दोन महिने सांगत होतीस आणि मी वहीत काय काय लिहीत बसलो. चूक माझी झाली."

एकतीस वर्षांत सरांनी चूक कबूल केल्याचं एकाही विद्यार्थ्याला आठवणार नाही. मला तर नाहीच. जुळवलेलं वाक्य मी तसंच ठेवून दिलं. थोडी दया होती त्यात, नाही म्हणत नाही. पण मोजायचंच झालं तर दया पावभर, बाकी सगळी आक्कांची भीती.

सर तिथेच थांबले नाहीत. त्यांनी आक्कांना फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, "चूक आपली व्हती. तिना हात एकदम बरोबर शे." दुसऱ्या दिवशी आक्का नागलीच्या पापडांचा डबा घेऊन आल्या आणि माझा हात हातात धरून म्हणाल्या, "मी तुले काय काय बोलनू. मनमा धरू नको." मी पापड घेतले. डबा फळीवर अगदी मागे ठेवून दिला.

आता किल्ल्यांचा जुडगा मी पर्समध्ये ठेवते आणि गाडी सुतासारखी सरळ चालते. तिची ख्याती मात्र तळोद्यात पसरली. ज्या गाडीपुढे अन्वरभाईने हात टेकले ती सरांनी अंगणात बसून दुरुस्त केली, असं लोक सांगतात. एक दिवस अन्वरभाई स्वतः आला. डॅशखाली डोकं घालून बराच वेळ पाहत राहिला.

"सर, ही वायर कठे जास?"

"तो किशोर आहे," सर म्हणाले.

अन्वरभाईने आदराने मान हलवली. जाताना मला म्हणाला, "मॅडम, तुमनं बरोबर व्हतं. माफ करा." मी त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्याहून जास्त काही करायची माझी हिंमत नव्हती.

तेव्हापासून आमच्या अंगणात कोणी ना कोणी असतंच. कोणाचा शेतातला पंप, कोणाचा मिक्सर, एकाची तर अख्खी जीप. सर वही घेऊन बसतात, वायरींना नावं देतात, आणि आलेला माणूस जरा बिचकला की माझ्याकडे बोट दाखवतात. "हिला विचारा." मग तो मला विचारतो, "मॅडम, सरांनी हात लावल्यापासून गाडी खरंच बंद पडली नाही?" मी चहाचा कप त्याच्या हातात देते आणि म्हणते, "दुसऱ्या दिवशी दुपारपासून एकदाही नाही." दुपार का, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

परवा जेवताना सरांनी नवा बेत सांगितला. गाडीच्या कामाने त्यांना हुरूप आला आहे, म्हणून आता आमच्या घराचं सगळं वायरिंग मुळापासून उपसून ते स्वतः नव्याने करणार आहेत. खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी घास खाली ठेवला.

"तुझा भरवसा आहे म्हणून हे धाडस करतोय," सर म्हणाले.

मी घास उचलून खाल्ला, हात धुतले, बाजारात गेले आणि मेणबत्त्यांचे सहा पुडे घेऊन आले.